ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनचे वस्तुमान जाते कोठे?

प्रश्न:
ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनना वस्तुमान नसते, असे विधान वारंवार वाचनात येते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान तर ठरलेले असते. मग कार्बनच्या एका थरात ते शून्य कसे होते? आणि ते खरोखरच शून्य असेल, तर हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाने का धावत नाहीत?

प्रतिसाद १:
वस्तुमान कोठेही जात नाही. ग्राफीनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढला, तर तो इतर कोणत्याही इलेक्ट्रॉनइतकाच भरेल. ‘वस्तुमानरहित’ हे विशेषण स्फटिकातील त्याच्या वागणुकीचे आहे. सिलिकॉनमध्ये ऊर्जापट्टाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनला घेता येणाऱ्या ऊर्जांच्या सलग पट्ट्याच्या, तळाशी इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि त्या आलेखाच्या वक्रतेवरून प्रभावी वस्तुमान, म्हणजे स्फटिकात इलेक्ट्रॉन जणू ज्या वस्तुमानाचा असल्यासारखा वागतो ते, काढतात. ग्राफीनच्या षटकोनी जाळीत मात्र कार्बन अणूंची दोन एकसारखी, एकमेकांत गुंफलेली उपजालके असल्यामुळे दोन पट्ट एका बिंदूत येऊन मिळतात, आणि त्या बिंदूजवळ ऊर्जा थेट संवेगाच्या प्रमाणात वाढते, जशी ती वस्तुमान नसलेल्या प्रकाशकणाची वाढते. फिलिप वॉलेस यांनी हे गणित १९४७ मध्येच मांडले होते. गाइम आणि नोवोसेलोव यांनी सुटा थर हाताळला तो २००४ मध्ये. वेगाचे म्हणाल, तर तो इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूवर किती सहज जाऊ शकतो यावर ठरतो आणि सेकंदाला सुमारे १० लाख मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तीनशेव्या भागाइतका भरतो.

प्रतिसाद २:
याला एक पुस्ती जोडतो. पट्ट एकमेकांना टेकलेले असल्यामुळे मध्ये ऊर्जाफट, म्हणजे इलेक्ट्रॉनला घेता न येणाऱ्या ऊर्जांची मोकळी जागा, उरत नाही, आणि फट नसल्यामुळे ग्राफीनचा ट्रान्झिस्टर पुरता बंद करता येत नाही. सिलिकॉनची जागा ग्राफीन घेणार, या घोषणा मला म्हणूनच पहिल्यापासून उतावीळ वाटत आल्या आहेत.

प्रश्नकर्ता:
मग ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर १.१ अंशांनी फिरवून ठेवल्यावर अतिसंवाहकता, म्हणजे रोधाविना वीज वाहणे, येते, तीही याच वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे का?

प्रतिसाद १:
नाही, तेथे चित्र नेमके उलटे आहे. त्या कोनात दोन्ही थरांचे पट्ट एकमेकांत मिसळून जवळजवळ सपाट होतात, हे बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनल्ड यांनी २०११ मध्ये दाखवले होते. पट्ट सपाट झाला की इलेक्ट्रॉनांचा वेग घटतो, त्यांची गतिज ऊर्जा नगण्य होते आणि एरवी दुर्लक्षित राहणारे त्यांच्यातील प्रतिकर्षण वरचढ ठरते. एमआयटीतील हारिल्यो-एरेरो यांच्या गटाला २०१८ मध्ये अशा नमुन्यात सुमारे १.७ केल्विनखाली अतिसंवाहकता आढळली, आणि तीही थरांतील इलेक्ट्रॉनांची संख्या केवळ विद्युतदाबाने बदलून. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तेथे नेमक्या कशामुळे जुळतात, यावर मात्र अद्याप एकमत नाही.