टीएचपी-१ प्लेटला चिकटत नाहीत, आणि कंट्रोलमध्येच टीएनएफ येतोय

महापे_बेंच
नमस्कार मंडळी. टीएचपी-१ पासून (ल्युकेमियातून आलेली, मोनोसाइट या पांढऱ्या पेशींसारखी सेल लाइन) मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, करायचे आहेत. मीडिया आरपीएमआय-१६४०, १० टक्के सीरम, पेन-स्ट्रेप. पीएमए (सेल्सना मॅक्रोफेजकडे वळवणारं रसायन) १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, २४ तास. मग फ्रिजमधल्या पीबीएसने (क्षारांचं बफर) दोनदा धुऊन लगेच एलपीएस (सेल्स चेतवणारा बॅक्टेरियाचा घटक). जेमतेम एक तृतीयांश सेल्स चिकटतात, बाकीच्या धुताना जातात. त्यात एलपीएस न घातलेल्या वेलमध्येही (प्लेटमधल्या खळग्यात) टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारं प्रथिन) भरपूर. पीएमए नवा मागवला, फरक शून्य. फ्लास्कमध्ये गुठळ्याही आहेत. के-५६२ किंवा एचएल-६० या दुसऱ्या ल्युकेमिया लाइन्सवर जावं का?

सस्पेन्शन
लाइन बदलायची घाई नको. पीएमएला दोष देण्याआधी एकच आकडा सांगा: ज्या दिवशी प्लेट लावली त्या दिवशी फ्लास्कमध्ये प्रति मिली किती सेल्स होत्या?

टीएचपी-१ ला गर्दी सोसत नाही आणि एकटेपणाही सोसत नाही. २ लाखांच्या खाली नेलंत की वाढ रेंगाळते, १० लाखांच्या वर गेलं की सेल्सचा स्वभावच बदलतो, सीडी१४ (मोनोसाइटचं खूणप्रथिन) वर जातं. ८ लाखांच्या आसपास आल्या की २ ते ३ लाखांवर आणा. मीडिया पिवळा पडायची वाट बघत बसू नका, तोवर उशीर झालेला असतो. दर वेळी सेंट्रिफ्यूजही नको, नवा मीडिया घालून पातळ करा. फ्लास्क उभा ठेवा.

तुमच्या मीडियात २-मर्कॅप्टोइथेनॉल दिसत नाही. ०.०५ मिलिमोलर लागतं. बाटलीतलं मूळ द्रावण साधारण १४.३ मोलर असतं, म्हणजे ५०० मिली मीडियाला पावणेदोन मायक्रोलिटर. एवढं कुणी नेमकं पिपेट करू शकत नाही, म्हणून आधी ३५ मायक्रोलिटर १० मिली पाण्यात घालून ५० मिलिमोलर स्टॉक करा (फ्यूम हुडमध्येच, नाहीतर वासाने सगळा मजला विचारायला येईल), ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, आणि त्यातला अर्धा मिली ५०० मिलीच्या बाटलीत. ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, तेव्हा घातलेला मीडिया महिनाभरात संपवा.

आता पीएमए. १०० बहुतेक कामांना जास्त आहे. एवढ्या डोसला सेल्स एलपीएसशिवायच चाळवतात, तुमच्या कंट्रोलमधल्या टीएनएफचा मोठा भाग हाच असेल. २५ पासून सुरुवात करा आणि ५ पर्यंत उतरून बघा. १ मिलिग्रॅम पावडर १ मिली डीएमएसओमध्ये विरघळवा, त्यातून १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं काम चालवायचं द्रावण, त्याचे अडीच मायक्रोलिटर प्रति मिली मीडियाला. स्टॉक छोट्या छोट्या भागांत, फॉइलमध्ये, उणे २० ला. मीडियात केलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा, पीएमए प्लास्टिकला चिकटून बसतो. ग्लोव्हज घाला, तो ट्यूमर प्रमोटर आहे. कंट्रोलला तेवढाच डीएमएसओ.

सहा वेलच्या प्लेटमध्ये २ मिलीत १० लाख सेल्स, ४८ तास पीएमए, मग पीएमएविना ताज्या मीडियात किमान २४ तास विश्रांती. त्यानंतर एलपीएस. आणि फ्रिजमधलं पीबीएस? थंड, कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं पीबीएस चिकटलेल्या मॅक्रोफेजनाही सैल करतं. अर्ध्याअधिक सेल्स तुम्ही स्वतःच धुऊन टाकताय. ३७ अंशांचा मीडिया, भिंतीवरून हळूच.

खारघर_कल्चर
सस्पेन्शन यांनी चिकटण्याचं नीट सांगितलंय. पण कंट्रोलमधला टीएनएफ आणि गुठळ्या एकत्र म्हटल्यावर पहिला संशय मायकोप्लाझ्माचा, म्हणजे कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या बारीक बॅक्टेरियाचा. मीडिया गढूळ होत नाही, मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, आणि त्यांची लिपोप्रोटीन्स टीएलआर२ या रिसेप्टरमधून मोनोसाइटला सतत डिवचत राहतात. पेनिसिलिनने काही होणार नाही, कारण त्यांना पेशीभित्तिकाच नाही. ०.२२ चा फिल्टरही भरवशाचा नाही, त्यासाठी ०.१ लागतो. सेल्स दोन-तीन दिवस अँटिबायोटिकविना वाढवून त्यांच्या वरच्या मीडियाची पीसीआर करा. पॉझिटिव्ह निघाली तर फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये. उपचार करून वाचवायचा मोह नको, जोवर ती लाइन दुसरीकडे कुठेच मिळत नाही असं नसेल.

सीरमचा लॉट आणि त्यातलं एंडोटॉक्सिनही (म्हणजे एलपीएसच) तपासा. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला बदला, निर्जंतुक डिस्टिल्ड. वॉटर बाथ तर बुरशीची शेतीच असते. गोठलेल्या सेल्स थॉ करताना (वितळवताना) व्हायलचं झाकण पाण्याच्या वर धरा आणि उघडण्याआधी ७० टक्के अल्कोहोलने पुसा. वीज गेली की इन्क्युबेटरचं दार उघडून बघू नका. सीओटू जाऊन मीडिया जांभळट झाला तर पीएच वर चढलाय. फार वेळ लागणार असेल तर साध्या झाकणाच्या फ्लास्कची झाकणं घट्ट करा.

लॅबकाका
लाइन बदलण्याबद्दल. के-५६२ तर विसराच. ती सीएमएल या ल्युकेमियाच्या शेवटच्या, ब्लास्ट क्रायसिस टप्प्यातली, ५३ वर्षांच्या बाईच्या छातीतल्या पाण्यातून काढलेली. हेमिन दिलंत तर लाल पेशींच्या वाटेला लागते. एचएल-६० प्रति मिली २ लाखांवर लावून १.२५ ते १.३ टक्के डीएमएसओत पाच ते सात दिवस ठेवली की न्यूट्रोफिलसारखी होते, सीडी११बी हे खूणप्रथिन वर जातं. पीएमएने ती मोनोसाइटकडे वळते, पण तुमचं पुढचं काम टीएचपी-१ वर उभं असेल तर तिथेच राहा. ती १९८० साली जपानमधून प्रसिद्ध झाली, तीव्र मोनोसाइटिक ल्युकेमिया असलेल्या एक वर्षाच्या मुलाच्या रक्तातून. ९ आणि ११ क्रोमोसोममधली अदलाबदल तिच्यात आहे.

व्हायल शेजारच्या लॅबमधून "घे, आमच्याकडे आहे" म्हणून आली असेल तर एसटीआर (डीएनएवरून लाइनची ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या. डामी ही मेगाकॅरिओसाइटची (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशींची) म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली लाइन प्रत्यक्षात एचईएल ही दुसरीच ल्युकेमिया लाइन निघाली, जे-१११ तर हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लाइन). ८० टक्के जुळलं तर तीच लाइन धरतात. टी-सेलच्या जुरकाट, मोल्ट-४, सीसीआरएफ-सीईएम यांची मायक्रोसॅटेलाइट्स (एसटीआरमध्ये बघतात ते डीएनएचे तुकडे) अस्थिर असल्याने त्या थोड्या सरकलेल्या दिसतात. नुसता वाय क्रोमोसोम सापडला नाही म्हणून लगेच घाबरू नका, ल्युकेमिया लाइन्समध्ये तो गळतो. नवी घ्यायची तर पुण्याच्या एनसीसीएस या सेल-सायन्स संस्थेची रिपॉझिटरी जवळच आहे.

महापे_बेंच
मोजलं. प्रति मिली १४ लाख. ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या सेल्स निळ्या करणारा रंग) ७८ टक्के जिवंत. पॅसेज नंबर (आजवर किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये नेल्या) कुणालाच माहीत नाही. मायकोप्लाझ्माचं सॅम्पल आज दिलं.

सस्पेन्शन
मग या फ्लास्कला सुधारत बसू नका. नवी व्हायल दीड मिनिटात ३७ अंशांवर, बर्फाचा बारीक खडा उरला की थांबा. ९ मिली मीडियात थेंब थेंब सोडा, २०० जी वर पाच मिनिटं फिरवा, टी-२५ फ्लास्कमध्ये उभं, पहिला आठवडा २० टक्के सीरम. सुरुवातीचे तीन-चार दिवस कचरा दिसेल, हात लावू नका. ९० टक्क्यांच्या वर जिवंत आणि वाढीत असताना लगेच दहा व्हायल गोठवून बँक करा: प्रत्येकीत ५० लाख, ९० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ, आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात उणे ८० ला रात्रभर, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजन. व्हायलवर पॅसेज नंबर लिहा. साध्या पेनने नको, अल्कोहोलने पुसला जातो.