एकतर्फी जीव जडला असेल तर मैत्री तोडावीच लागते का?

जुईचीवेल (म्हापसा)
आमची आठ वर्षांची मैत्री. गेल्या जूनमध्ये त्याला मनातलं सांगितलं. तो सरळ नाही म्हणाला, वर "आपलं आहे तसंच राहू दे" म्हणाला. दोन महिने तसं राहून पाहिलं. रात्री त्याचं स्टेटस उघडायचं, फोटोत शेजारी कोण आहे ते बघायचं, की झोप उडालीच. शेवटी बोलणं बंद केलं, नंबर काढून टाकला.

दर चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीच्या, म्हणजे फळापानांनी सजवायच्या लाकडी चौकटीच्या, वरच्या पट्ट्यांना कांगलां ही रानफळं आणि नारळांचा घड तोच बांधायचा, उंच म्हणून. यंदा भाऊ स्टुलावर चढला. आईने विचारलं, "तो येवंक ना गे?" मी मान खाली घालून आंब्याची पानं पुसत राहिले.

माझं मत ठाम आहे. मैत्री चालू ठेवून यातून सुटता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

चोडणकर
मला पटत नाही. गोवा केवढा! रायबंदरला फेरीबोटीत पाय ठेवला तरी ओळखीची चार तोंडं दिसतात. मी एकीला तीन वर्षं टाळलं. ती कदंब बसमध्ये चढली की मी पुढच्या स्टॉपला उतरायचो. तीन वर्षांनी जत्रेत खाज्यांच्या दुकानासमोर दिसली, आणि छातीत पहिल्या दिवसासारखंच झालं. न भेटल्यामुळे ती माझ्या मनात होती तशीच राहिली होती. पुढे भेटत गेलो. कधी उशिरा यायची, कधी चिडायची, मुलाच्या तापाबद्दलच बोलत बसायची. तेव्हा कुठे उतरलं.

पाटोवरचीवाचक
तीन वर्षं लांब राहिलात म्हणून भेटणं झेपलं, असंही असेल ना? २०१० साली प्रेमावर संशोधन करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ हेलन फिशर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराने सोडलेल्या १५ जणांना त्याच व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅन केलं होतं. व्यसनाच्या ओढीशी संबंधित भाग जागे झालेले दिसले. जितके जास्त दिवस उलटलेले, तितकी आसक्तीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी. रोज स्टेटस बघणं म्हणजे दारू सोडलेल्याने रोज बारसमोर उभं राहणं. जुई, तू बरोबर केलंस.

चोडणकर
त्या १५ जणांचं नातं तुटलेलं होतं. इथे नातं मैत्रीचंच होतं, आणि ते खरं होतं. तेही फेकून द्यायचं?

फोंड्याचा
मी पलीकडच्या बाजूला होतो. मैत्रिणीला नाही म्हणालो आणि ती एका दिवसात नाहीशी झाली. फोन नाही, मेसेज नाही. तिच्या वडिलांना बरं नव्हतं, ते मला तिसऱ्याकडून कळलं. भेटायला जावं तरी पंचाईत, न जावं तरी. नाही म्हणणाऱ्याचीही मैत्री मरते हो. लांब जायचं तर जा, पण सांगून जा. मी काय गुन्हा केला, हे वर्षभर मला कळत नव्हतं.

पाटोवरचीवाचक
हे मान्य. पण एकदाच सांगायचं, आणि उत्तराची वाट बघायची नाही. नाहीतर त्याच निमित्ताने पुन्हा गप्पा सुरू होतात.

जुईचीवेल
फोंड्याचा, तुमचं तीनदा वाचलं. मी त्याला काहीच कळवलं नव्हतं. आता मेसेज पाठवला: "तुझी काही चूक नाही. मला लांब राहायला हवंय. उत्तर देऊ नकोस." चोडणकर, भेटायचं मात्र इतक्यात जमणार नाही. नंबर काढून टाकलेला होता, पण पाठ आहे अजून.