मदत हवी आहे: एकच बल्ब, पण प्रत्येक व्होल्टेजला वेगळा रेझिस्टन्स. खरा कोणता धरायचा?

व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स व पॉवर काढायचा सराव चालू आहे. १२ व्होल्ट, २१ वॅटचा फिलामेंटवाला गाडीचा बल्ब घेतलाय, व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या डीसी सप्लायवर. करंटसाठी मल्टिमीटर सिरीजमध्ये, १० अँपिअरच्या सॉकेटात. व्होल्टेज दुसऱ्या मीटरने थेट बल्बच्या टोकांवर घेतलं.

३ व्होल्टला ०.८२ अँपिअर
६ व्होल्टला १.२० अँपिअर
१२ व्होल्टला १.७५ अँपिअर

व्होल्टेज भागिले करंट केलं की अनुक्रमे ३.६६, ५ आणि ६.८६ ओहम येतात. बल्ब काढून थंड असताना नुसता मल्टिमीटरने मोजला तर ०.७ ओहम! त्या हिशोबाने १२ व्होल्टला १७ अँपिअर आणि २०५ वॅट व्हायला हवेत, पण बल्बवर तर २१ लिहिलंय.

पॉवरचंही तसंच. व्होल्टेज निम्मं केलं की पॉवर पाव होते असं पुस्तकात आहे. २१ चे पाव सव्वापाच. माझं उत्तर ६ गुणिले १.२०, म्हणजे ७.२ वॅट. मीटर बिघडलाय, की ओहमचा नियम इथे लागू होत नाही? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मीटर ठणठणीत आहे. आकडे तर इतके छान आलेत की प्रयोगवहीत तसेच उतरवा.

ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाला एक अट चिकटलेली आहे, जी पाठ म्हणताना हमखास गळते: तापमान आणि इतर भौतिक स्थिती कायम हवी. फिलामेंट टंगस्टनचं असतं. पूर्ण उजेडात ते अडीच हजार केल्विनच्या आसपास जातं, आणि धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. त्यामुळे तुमचे सगळे रेझिस्टन्स खरेच आहेत, फक्त प्रत्येक आकडा त्या-त्या तापमानाचा आहे. ओहम मोजताना मल्टिमीटर जेमतेम करंट सोडतो, फिलामेंट गार राहतं, म्हणून तो आकडा सगळ्यात लहान.

व्होल्टेज गुणिले करंट हे सूत्र मात्र डीसीवर कधीही वापरा, वस्तू कोणतीही असो. दोन्ही आकडे एकाच वेळी घेतलेले असले की झालं. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स हे त्याच्यातूनच निघतं, पण त्यात रेझिस्टन्स त्याच क्षणाचा घालावा लागतो. ३६ भागिले ५ करून बघा, ७.२ येतात की नाही? ‘निम्मं व्होल्टेज, पाव पॉवर’ हे रेझिस्टन्स बदलत नसेल तरच. तुमच्या बल्बचा ६.८६ वरून ५ वर आला, म्हणून पॉवर पावाहून जास्त.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक भर: मीटरच्या दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून बघा. ०.२ च्या आसपास काहीतरी दिसेल, तो लीडचा, म्हणजे प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स, वजा करायचा. एवढ्या लहान आकड्यात तो फार मोठा घोळ घालतो.

आणि ते १७ अँपिअर अगदीच काल्पनिक नाहीत बरं का. बटण दाबल्या क्षणी फिलामेंट गारच असतं, त्यामुळे क्षणभर करंट नेहमीच्या कितीतरी पट जातो. जुने बल्ब लावता लावता उडायचे ते बहुतेक यामुळेच.

ओहमचा नियम सरळ रेषेत बघायचाय तर १ किलोओहमचा पाव वॅटचा साधा रेझिस्टर लावा. १२ व्होल्टला १२ मिलिअँपिअर, ०.१४४ वॅट. ६ व्होल्टला ६ मिलिअँपिअर, ०.०३६ वॅट. इथे पॉवर चोख पाव होते. पण हाताशी १० ओहमचा आहे म्हणून तो १२ व्होल्टला लावू नका, १४.४ वॅटमध्ये पाव वॅटवाल्याचा धूर निघेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! प्रोब टेकवल्यावर ०.२ च दिसले, म्हणजे थंड बल्ब ०.५ ओहम. पेटल्यावर जवळजवळ चौदा पट होतो तर. रेझिस्टरही लावून पाहिला, ६ आणि १२ व्होल्टला रेझिस्टन्स तोच आला.

आता पुढचा प्रश्न. ९ व्होल्टला बल्ब किती करंट घेईल हे न मोजता सांगता येईल का? कुठला रेझिस्टन्स घालू, ५ की ६.८६?

प्रतिसाद १

दोन्ही नको. ५ घातलात तर १.८ अँपिअर येतील, म्हणजे १२ व्होल्टपेक्षाही जास्त, ते शक्यच नाही. ६.८६ घातलात तर १.३१, तेही कमीच. आलेखकागदावर तुमचे तीन बिंदू आणि शून्य मांडा, हाताने वक्र काढा आणि ९ वर वाचा. दीडच्या जवळपास यावं.

आणि मोटार, एलईडी वगैरे लावाल तेव्हा भागाकार करून आलेल्या आकड्याला ‘त्या वस्तूचा रेझिस्टन्स’ म्हणू नका. एसीवर चालणाऱ्या मोटारीची पॉवर काढताना तर व्होल्टेज गुणिले करंटला पॉवर फॅक्टर नावाच्या, एकपेक्षा लहान आकड्यानेही गुणावं लागतं. त्यासाठी वेगळा धागा काढा.

धागाकर्ता

वक्रावर १.५ वाचले आणि मोजलेही १.५०. म्हणजे ६ ओहम, १३.५ वॅट. मोटारीचा धागा काढतो.