अनुभव धागा: गोल्डन ब्रिज, तुमच्या कॅमेऱ्यातून

बडोद्याहून पहाटेची गाडी पकडून भरूचला नर्मदेवरचा गोल्डन ब्रिज टिपायला जाणारे आपल्यात बरेच आहेत. १८८१ साली खुला झालेला हा पूल. १९३५ मध्ये रेल्वेसाठी सिल्व्हर ज्युबिली पूल झाला आणि हा पुढे रस्त्याकडे आला. २०२१ मध्ये नर्मदामैया पूल सुरू झाल्यावर यावरची वाहनं थांबली. फोटो कसा मिळाला, तेही लिहा.

दांडियाबाजारकर: आधी भरतीची वेळ बघा, मग गाडीची! खंभातच्या आखाताचं पाणी इथवर चढतं. ओहोटीला खांबांपाशी गाळाचे पट्टे उघडे पडतात, भरतीला त्याच जागेवरून निराळंच चित्र दिसतं. पूल साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणून सकाळी पूर्वेची बाजू उजळते, दुपार कलल्यावर पश्चिमेची. रिव्हेटांचा उठाव हवा असेल तर ऊन तिरपं असतानाच क्लिक करा. माथ्यावर ऊन आलं की लोखंड सपाट दिसतं. सूर्यास्ताची काळी आकृती हवी असेल, तर पुलाच्या पूर्वेला काठावर थांबा.

फाइनआर्ट्सवाली: मला नुसता पूल कधीच पुरला नाही. वाहनं चालू होती तेव्हा अंकलेश्वरच्या कारखान्यांत पाळीला निघालेली माणसं संध्याकाळी दुचाकींवरून जायची, डबा हँडलला लटकलेला. ते फोटो माझ्याकडे आहेत आणि आता ते पुन्हा काढता येणार नाहीत. कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये या पुलावरची माणसं असतील, तर स्कॅन करून इथे टाकाच. मागे साल आणि नावं लिहिलेली असली तर तीही.

नर्मदे_हर: परिक्रमेत मैया ओलांडायची नसते, त्यामुळे पुलावर पाऊल नाही. दक्षिण तटाने जाताना अंकलेश्वरच्या बाजूने पाहिला. मग नर्मदेच्या मुखापाशी विमलेश्वरहून समुद्रातून नावेने मिठीतलाई आणि उत्तर तटाने परतताना भरूचकडून. दोन्ही काठांचे फोटो मोबाइलवरच काढलेत, पण मला ते फार प्रिय आहेत.

प्रतापनगर: सुरतेला जाताना रेल्वेपुलावरून गोल्डन ब्रिज दिसतो. मध्ये गर्डर झपाझप आडवे येतात, तेव्हा शटर १/२००० आणि सलग फोटो. शेजारी आई नदीला नाणं वाहत असते, तिचा हातही फ्रेममध्ये येऊ देते मी.

वाडीकर: @दांडियाबाजारकर, येत्या पौर्णिमेला मोठी भरती असेल. कोण कोण येतंय? येताना भरूचची खारी सिंगही घेऊ.