मदत हवी आहे: केमो झालेल्या मराठी बायकांशी आईचं बोलणं घडवायचं आहे

आई ६१ वर्षांची, मुलुंडला राहते. डाव्या स्तनाचा कॅन्सर, परळला टाटामध्ये केमो सुरू आहे: दर २१ दिवसांनी एसी (दोन केमो औषधांची जोडी) याचे ४ डोस, मग दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे १२, त्यानंतर ऑपरेशन. औषधांबद्दल सल्ला नकोय, डॉक्टर सगळं नीट समजावतात.

केस गेल्यापासून ती शेजारणींनाही दार उघडत नाही. आम्ही धीर दिला की "तुम्हाला काय कळणार" म्हणते, आणि ते खरंच आहे. तिला यातून गेलेलीच बाई हवी. समाजसेविकेने एका संस्थेचा नंबर दिला होता. तिथल्या ताई खूप मायेने बोलल्या, पण हिंदीत, आणि हिंदीत आईचं मन मोकळं होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिला झेपत नाहीत. डोसनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा संसर्गाच्या भीतीने लोकलची गर्दी नको. तिसऱ्या आठवड्यात मात्र ती बाहेर पडू शकते.

ठाणे ते दादर या पट्ट्यात अशा मराठी बायका दुपारच्या कुठे भेटतात का? नसतील, तर हेच डोस पूर्ण केलेली कुणी ताई आठवड्यातून एकदा आईशी फोनवर बोलेल का?