चॉसर मुळातूनच, पण मोठ्याने
'जुने इंग्रजी कवी मूळ भाषेत वाचण्यात सत्राचे आठवडे वाया जातात, सरळ आधुनिक इंग्रजी रूपांतर घ्यावं' असं एक मत आहे. ते 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यापुरतं पटतं. ती जुनी इंग्रजी वेगळी भाषा म्हणूनच शिकावी लागते. 'कँटरबरी टेल्स' लिहिणाऱ्या चॉसर या कवीचं तसं नाही. तो १४०० साली गेला. त्याची भाषा डोळ्यांना अवघड, कानाला बरीच सोपी.

बी.ए.ला मी 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत अडले होते ती स्पेलिंगपाशी. मग उच्चार देवनागरीत लिहून काढले आणि वाट मोकळी झाली. 'नाइट' (knight) तेव्हा जवळपास 'क्निख्त' होता, के आणि जीएच दोन्ही बोलायचे. 'नेम' (name) म्हणजे 'नाम', शेवटी हलका 'अ'. 'माउस' म्हणजे 'मूस'. आपले नाम आणि मूषक त्यांचे सख्खे भाऊबंद! पुढच्या दोन-तीन शतकांत दीर्घ स्वर सरकले, स्पेलिंग मात्र बरंचसं जुनंच राहिलं. 'name'सारख्या शब्दातला शेवटचा e असा हलक्या 'अ'सारखा उच्चारला की ओळीची लय जुळते, गिळला तर ती लंगडते. रोज वीस ओळी मोठ्याने वाचा, टिपा त्यानंतर उघडा.