मदत हवी आहे: लक्षद्वीपच्या सोसायट्या खोबऱ्याचा भाव कसा धरतात?

लक्षद्वीपच्या सहकारी सोसायट्यांवर टिपण लिहितोय, पण एका जागी अडकलोय. वस्ती असलेली बेटं 10, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम 64 हजार. पूर्वी बेटकऱ्यांचा काथ्या सरकार घ्यायचं आणि बदल्यात तांदूळ द्यायचं. व्यापाऱ्यांची पकड वेगळीच. 1956 मध्ये केंद्रशासित प्रदेश झाल्यावर सोसायट्या वाढल्या. एकच संस्था खोबरं विकते आणि किराणाही पुरवते. आपल्याकडे सोसायटी म्हटलं की पीककर्ज आठवतं, तिथला भर पुरवठा आणि विक्रीवर (पावसाळ्यात बोटी कमी, म्हणजे गोदामच सगळं!).

इथपर्यंतचं जनगणना आणि सरकारी प्रकाशनांतून मिळालं. खोबऱ्याच्या व्यवहाराचं मात्र कुठेच नीट सापडत नाही. मल्याळम वाचता येत नाही आणि प्रवेश परवान्याच्या भानगडीमुळे सध्या जाणं शक्य नाही. नुसती आकडेवारी नको, प्रत्यक्ष पद्धत हवी. तिथे राहिलेल्या किंवा नोकरी केलेल्या कुणी सांगितलं तर उत्तम, जुनी माहितीही चालेल, फक्त साल सांगा.

सोसायटी खोबरं ठरलेल्या भावाने विकत घेते, की मुख्य भूमीवर विकून कमिशन कापून पैसे देते? आणि मधल्या काळात भाव पडला तर तोटा कुणाचा?